सरखेल कान्होजी आंग्रे : सातारच्या गादीचा दर्यावरील हात

कराडहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता पाटण मागे टाकून कोयनेच्या खोऱ्यातून कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूण गाठतो. तेथून वाशिष्ठीच्या खाडीने पुढे गेले, की दाभोळ आणि अंजनवेल यांच्यामध्ये अरबी समुद्र लागतो. या वाटेने शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून मीठ, नारळ, सुपारी वर आली आणि देशावरचे धान्य खाली गेले. तरीही घाटमाथ्यावरच्या माणसाला समुद्र दूरचाच वाटत आला. मराठ्यांचा इतिहास म्हटले, की घोड्यांच्या टापा आणि डोंगरी किल्ले डोळ्यांपुढे येतात. जहाजे सहसा येत नाहीत.

या विस्मरणाचा फटका ज्यांच्या कीर्तीला सर्वाधिक बसला, ते सरखेल कान्होजी आंग्रे. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. येत्या २०२९ मध्ये त्या घटनेला ३०० वर्षे पूर्ण होतील. तीस वर्षांहून अधिक काळ कोकणचा किनारा त्यांच्या ताब्यात होता आणि इंग्रज, पोर्तुगीज, डच व जंजिऱ्याचा सिद्दी यांपैकी कोणालाही त्यांचा पाडाव करता आला नाही. इंग्रजांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर ठरवले. सातारच्या छत्रपतींनी मात्र त्यांच्या सरखेल या पदावर शिक्कामोर्तब केले. या दोन बिरुदांमधील अंतर हीच कान्होजींच्या आयुष्याची कहाणी आहे.

सुवर्णदुर्गाच्या सावलीत

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे भागातील आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडले, असे मानले जाते. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या आरमारात चाकरीला होते आणि हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळे कान्होजींचे बालपण लाटा, होड्या आणि तोफा यांच्या सान्निध्यात गेले. कोळी, भंडारी आणि खारवी यांच्याकडून वारे, भरती-ओहोटी आणि खडकांच्या जागा ओळखण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले असणार.

मराठ्यांचे आरमार तेव्हा फार जुने नव्हते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला. १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी उभी राहू लागली, तेव्हा इंग्रजांनी ती अडवण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी मराठ्यांच्या लहान, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. मोठ्या जहाजाला समोरासमोर भिडायचे नाही, उथळ पाण्याचा आणि वाऱ्याचा फायदा घ्यायचा, हा धडा तेव्हाच गिरवला गेला. कान्होजींनी पुढे तोच धडा परिपूर्ण केला.

सुवर्णदुर्गाविषयी एक हकीकत परंपरेने सांगितली जाते. संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सिद्दीने या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार अचलोजी मोहिते फितुरीच्या विचारात आहे, असे कळताच तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ल्याची सूत्रे हाती घेतली आणि वेढा परतवला. तपशिलाबाबत अभ्यासकांत मतभेद असले, तरी याच काळात कान्होजींचे नाव पुढे आले, यात शंका नाही.

देश पेटला, किनारा टिकला

१६८९ हे वर्ष मराठी राज्याच्या कसोटीचे होते. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. कोकणातील अनेक ठाणी सिद्दीने गिळंकृत केली. या पडझडीत आरमाराची धुरा सिधोजी गुजर यांच्याकडे होती आणि त्यांच्या हाताखाली कान्होजी एकेक ठाणे परत मिळवत होते. १६९८ मध्ये सिधोजींचे निधन झाल्यावर आरमाराचे प्रमुखपद कान्होजींकडे आले. अलिबागसमोरच्या समुद्रातील कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. ओहोटीला पायी जाता येईल आणि भरतीला चारही बाजूंनी पाणी वेढेल, असा हा किल्ला. त्याचे काम शिवाजी महाराजांनी हयातीच्या अखेरीस सुरू केले होते.

त्याच सुमारास आपल्या भागात काय चालले होते, हे आठवले म्हणजे कान्होजींच्या कामगिरीचे मोल कळते. नोव्हेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने कराडजवळचा वसंतगड घेतला. डिसेंबरात त्याची छावणी साताऱ्याच्या पायथ्याशी पडली आणि एप्रिल १७०० मध्ये अजिंक्यताराही पडला. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले होते. राज्याचा भार महाराणी ताराबाईंनी उचलला. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या. वसंतगडाच्या पायथ्याचे तळबीड हे त्यांचे माहेर. डोंगरी किल्ले एकामागून एक जात असताना समुद्रकिनारा ताराबाईंच्या नावाने राखणारा माणूस म्हणजे कान्होजी. बादशहाच्या तोफखान्याला सह्याद्रीच्या पलीकडे तेवढे यश कधीच मिळाले नाही.

गुराब आणि गलबत

कान्होजींचे आरमार आकड्यांनी भव्य नव्हते. त्याचे बळ जहाजांच्या बांधणीत आणि ती वापरण्याच्या रीतीत होते. त्यांची मुख्य जहाजे दोन प्रकारची. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण १५० ते ३०० टनांचे जहाज. त्याचा तळ उथळ आणि नाळ लांब, टोकदार व सखल असे. नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन जड तोफा आणि दोन्ही कडांना त्याहून हलक्या तोफा, अशी त्याची रचना होती. गलबत हे त्याहून लहान, बहुधा ७० टनांच्या आतले. त्याला शिडे असत आणि शिवाय ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला तरी ते थांबत नसे.

हल्ल्याची रीतही ठरलेली होती. वारा मंद असेल तेव्हा गलबते वल्ह्यांनी गुराबांना ओढून नेत. परदेशी जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत. म्हणून गुराबा त्याच्या मागच्या बाजूने येत आणि शिडे, दोरखंड व डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज पंगू झाले, की गलबतांतील शेकडो माणसे तलवारी घेऊन चहूबाजूंनी त्यावर चढत. पारडे फिरलेच, तर ही जहाजे खाडीत शिरत. तेथे खोल तळाच्या युरोपीय जहाजांना जाता येत नसे आणि खाडीच्या तोंडावर किल्ल्याच्या तोफा सज्ज असत. विजयदुर्गाजवळची वाघोटन खाडी अशा आश्रयाचे उत्तम उदाहरण आहे.

पावसाळ्यात समुद्र बंद होई. जहाजे किनाऱ्यावर ओढली जात, त्यांची डागडुजी होई आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात उतरत. देशावरचे सरदार दसऱ्याला सीमोल्लंघन करीत, तसेच हे दर्यावरचे सीमोल्लंघन होते.

या युद्धरीतीचे एक जुने उदाहरण युरोपच्या उत्तरेस सापडते. नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनच्या किनाऱ्यांवरील व्हायकिंग योद्ध्यांनी ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ लुटला आणि पुढे सुमारे अडीचशे वर्षे युरोपला धाकात ठेवले. लांब दांड्याची, दोन्ही हातांनी चालवायची कुऱ्हाड ही त्यांच्या कडव्या योद्ध्यांची ओळख ठरली. परंतु त्यांचे खरे शस्त्र त्यांची जहाजे होती. १८८० मध्ये नॉर्वेतील गोकस्ताड येथे उत्खननात सापडलेले जहाज सुमारे २३ मीटर लांब असून त्याला ३२ वल्ह्यांची सोय आहे. शीड आणि वल्ही दोन्ही असल्याने आणि तळ उथळ असल्याने अशी जहाजे नदीतून थेट आतील शहरांपर्यंत जात. ८४५ मध्ये ती सीन नदीतून पॅरिसपर्यंत पोहोचली आणि फ्रँक राजाला ७००० पौंड चांदी देऊन ती परतवावी लागली.

साम्य जहाजांच्या बांधणीपुरते संपत नाही. ९११ मध्ये फ्रँक राजा तिसरा चार्ल्स याने रोलो या व्हायकिंग सरदाराशी करार केला. सीनच्या मुखाकडील मुलूख त्याला दिला आणि बदल्यात त्याने तो किनारा इतर हल्लेखोरांपासून राखावा, असे ठरले. नॉर्मंडी या प्रांताचा आरंभ तेथे झाला. समुद्रावरच्या बलवान माणसाला राज्याच्या चौकटीत घेण्याचा असाच प्रश्न आठशे वर्षांनी साताऱ्यापुढे उभा राहिला. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. रोलो बाहेरून आलेला आक्रमक होता. कान्होजी हे पहिल्यापासून मराठी राज्याचे चाकर होते आणि स्वतःच्याच किनाऱ्याचे रक्षण करीत होते.

दस्तकाचा वाद

इंग्रजांशी भांडणाचे मूळ दस्तकात होते. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपल्याकडून परवाना घ्यावा, त्यासाठी शुल्क द्यावे आणि ज्याच्याकडे परवाना नाही ते जहाज जप्त व्हावे, असा कान्होजींचा दंडक होता. हा दंडक त्यांनी नव्याने शोधलेला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच किनाऱ्यावर याच प्रकारचे परवाने सक्तीने विकत होते आणि परवाना नसलेली जहाजे लुटत होते. पोर्तुगीजांनी ते केले तर सागरी सत्ता आणि मराठ्यांनी केले तर चाचेगिरी, असा हा न्याय होता.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विल्यम आयस्लाबी यांचे सशस्त्र जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. कारवारच्या वखारीचे प्रमुख टॉमस चाऊन त्या चकमकीत ठार झाले आणि त्यांची तरुण पत्नी कैदेत सापडली. १७१३ च्या प्रारंभी ३०,००० रुपयांच्या खंडणीनंतर तिची व इतर कैद्यांची सुटका झाली. इंग्रजांच्या लेखी हा प्रकार अमानुष होता. निरपराध स्त्रीला महिनोन्महिने कैदेत ठेवून पैसे घेणे हे आजच्या दृष्टीनेही समर्थनीय नाही. कान्होजींचे चरित्र सांगताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र कैद्यांसाठी खंडणी घेण्याची चाल त्या काळी केवळ आंग्र्यांपुरती मर्यादित नव्हती, हेही तितकेच खरे.

त्यानंतर इंग्रज आणि कान्होजी यांच्यात समझोता झाला. कंपनीच्या जहाजांना कान्होजींनी त्रास देऊ नये, असे ठरले. तंटा पुन्हा निर्माण झाला तो मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून. ही जहाजे इंग्रजी निशाण लावून दस्तक चुकवतात, अशी कान्होजींची तक्रार होती. मुंबईतून निघालेले प्रत्येक जहाज आमच्या संरक्षणाखाली आहे, असे इंग्रजांचे म्हणणे होते. किनाऱ्यावर कर घेण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होता आणि तो तोफांशिवाय सुटण्यासारखा नव्हता.

साताऱ्याशी समेट

याच वेळी कान्होजींना दुसऱ्या आघाडीवर निर्णय घ्यावा लागला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. मराठी राज्याचे दोन तट पडले. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला राहिले. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. परंतु कान्होजींनी घाट चढून येत लोहगड घेतला आणि खुद्द पेशव्यांनाच कैद केले. कान्होजी आता साताऱ्यावर चालून येणार, अशी आवई उठली. आपल्या राजधानीला समुद्राकडून धोका निर्माण झाल्याचा हा विलक्षण प्रसंग होता.

या पेचातून मार्ग काढण्याचे काम बाळाजी विश्वनाथ भट यांच्याकडे आले. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद देण्यात आले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे त्यांना कोकण सोडावे लागले होते. कोकणची नाडी आणि सिद्दीचा उपद्रव दोन्ही त्यांना ठाऊक होते. त्यांनी फौजेपेक्षा बोलणी पसंत केली. घरातील भांडणाचा लाभ सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज यांनाच होईल, ही गोष्ट त्यांनी कान्होजींना पटवून दिली.

१७१४ च्या प्रारंभी तह झाला. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले, बहिरोपंतांना मुक्त केले आणि राजमाची वगळता घाटावरील जिंकलेली ठाणी परत केली. साताऱ्याने त्यांना १० किल्ले व १६ लहान कोट, तसेच सरखेलपद कायम करून दिले. एका अर्थाने दोन्ही पक्षांनी आपापली मर्यादा ओळखली. साताऱ्याकडे घोडदळ होते, समुद्र नव्हता. कान्होजींकडे समुद्र होता, पण पाठीवर घाटमाथ्याचा आधार नसता, तर कोकणची अरुंद पट्टी फार काळ राखता आली नसती.

बून यांची स्वारी आणि युतीचे फळ

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर झाले. कान्होजींचा नायनाट करणे हा त्यांनी आपल्या कारकिर्दीचा हेतू ठरवला. शहराभोवती तट बांधला, नवी लढाऊ जहाजे बांधून घेतली. एप्रिल १७१७ मध्ये त्यांच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला. किल्ल्याच्या तटावर तोफगोळ्यांचा फारसा परिणाम झाला नाही आणि किनाऱ्यावर उतरलेल्या शिपायांना मागे फिरावे लागले. नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीचा प्रयत्न झाला, तोही फसला. १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊन यांच्या नेतृत्वाखाली विजयदुर्गावर पुन्हा मोहीम निघाली. या वेळी जाड फळ्यांचा, जड तोफा बसवलेला एक तरता तोफखाना खास बांधण्यात आला होता. त्यानेही काही साधले नाही.

अखेर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. ब्रिटनहून कमोडोर टॉमस मॅथ्यूज चार राजनौका घेऊन मुंबईस पोहोचले. गोव्याचे पोर्तुगीज व्हाइसरॉय फौजेसह चौलला आले. डिसेंबरात कुलाब्यावर संयुक्त चाल झाली. समुद्रावरून युरोपीय नौका आणि जमिनीवरून दोन राष्ट्रांची फौज, अशा कात्रीत कान्होजी कधीच सापडले नव्हते.

याच क्षणी १७१४ च्या तहाचे फळ दिसले. शाहू महाराजांच्या आज्ञेने पिलाजी जाधव घोडदळ घेऊन कोकणात उतरले आणि पाठोपाठ तरुण पेशवे पहिले बाजीराव आले. किल्ल्यावर चढण्याचा इंग्रजांचा प्रयत्न फसला. मराठी घोडदळ अंगावर येताच पोर्तुगीज फळी मोडली. खुद्द मॅथ्यूज यांना एका स्वाराचा भाला मांडीत लागल्याची नोंद इंग्रजांनीच करून ठेवली आहे. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना हात हलवत मुंबईस परतावे लागले. त्याच वर्षी बून विलायतेस निघून गेले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब अजमावले. त्यांनाही अपयशच आले.

१७२४ मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रव्यवहार झाला. लुटीच्या आरोपाला कान्होजींनी मुद्देसूद उत्तर दिले. शिवाजी महाराजांनीही चार पातशाह्यांशी झुंजूनच राज्य उभारले, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपण एका राज्याचे अधिकारी आहोत, ही जाणीव त्या उत्तरात स्पष्ट आहे.

राज्यकर्ता कान्होजी

कान्होजींची प्रतिमा लढवय्याची असली, तरी त्यांनी प्रशासनाकडेही लक्ष दिले. अलिबाग हे गाव त्यांच्या काळात भरभराटीला आले. १७२० मध्ये तेथे हिराकोट बांधला गेला. अलिबागी रुपया हे आंग्रे घराण्याचे नाणे त्या भागात चलनात होते. त्यांच्या आरमारात कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान अशा सर्व समाजांतील लोक होते आणि कसबी युरोपीय गोलंदाजांनाही ते चाकरीत घेत.

सातारा भागाशी आणखी एक धागा धावडशीचा आहे. परशुराम क्षेत्रातील ब्रह्मेंद्रस्वामी यांना छत्रपती, पेशवे आणि आंग्रे तिघेही गुरुस्थानी मानत. १७२७ मध्ये अंजनवेलचा सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले. त्यानंतर स्वामींनी कोकण सोडले आणि साताऱ्याजवळ धावडशी येथे वास्तव्य केले. सिद्दीचा बंदोबस्त करावा, हा त्यांचा ध्यास होता. कान्होजींच्या हयातीत मात्र ते घडले नाही. जंजिरा अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. सरखेलांच्या कारकिर्दीतील ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

वारसांचा कलह

कान्होजींच्या मागे सहा पुत्र होते. थोरले सेखोजी यांनी कारभार नीट सांभाळला, पण १७३३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर संभाजी आणि मानाजी यांच्यात तेढ वाढली. घराण्याची वाटणी होऊन मानाजींकडे कुलाबा आणि संभाजींकडे सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग असे दोन भाग झाले. वडिलांनी एकहाती राखलेले आरमार दुभंगले.

संभाजींनंतर विजयदुर्गाला तुळाजी आले. ते पराक्रमी होते, पण त्यांनी पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही आणि शेजारच्या मराठी सरदारांचे मुलूखही सोडले नाहीत. पेशवे नानासाहेब यांनी त्यांना आवरण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स यांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. बंदरात उभे असलेले आंग्र्यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. तुळाजींचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

बून, ब्राऊन आणि मॅथ्यूज यांना जे कान्होजींच्या हयातीत साधले नाही, ते मराठ्यांच्याच संमतीने एका मोहिमेत घडले. त्याचा अर्थ थोड्याच काळात स्पष्ट झाला. विजयदुर्ग घेणारे क्लाइव्ह १६ महिन्यांनी, जून १७५७ मध्ये प्लासीच्या रणांगणावर होते. पेशव्यांची बाजू पूर्णपणे नाकारता येणार नाही. तुळाजींचा उपद्रव खरा होता आणि राज्यात दुसरी सत्ता चालू देणे कोणत्याही पेशव्याला शक्य नव्हते. परंतु बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये जो प्रश्न बोलण्यांनी सोडवला, तोच त्यांच्या नातवाने परक्यांच्या तोफांनी सोडवला. आजोबांच्या मार्गाने साताऱ्याला आरमार मिळाले होते. नातवाच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देणारे बळ उरले नाही.

कुलाब्याची शाखा पुढे टिकली. अखेर १८४० मध्ये औरस वारस नसल्याचे कारण दाखवून कंपनीने ते संस्थान खालसा केले. आठ वर्षांनी हेच कारण दाखवून सातारचे राज्यही खालसा करण्यात आले. सरखेलांचे घर आणि त्यांच्या धन्याची गादी यांचा शेवट एकाच पद्धतीने झाला.

नावाची पुनर्स्थापना

कान्होजींच्या आरमाराविरुद्धच्या मोहिमांत सामील असलेल्या क्लेमंट डाऊनिंग यांनी १७३७ मध्ये लंडनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच आंग्र्यांना चाचा म्हटले होते. पुढे इंग्रजी लेखनात तीच प्रतिमा रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर ती बदलू लागली. १९५१ मध्ये मुंबईतील नौदल तळाला आयएनएस आंग्रे हे नाव देण्यात आले. इंग्रजांनी ज्या शहराच्या रक्षणासाठी कान्होजींविरुद्ध तट बांधला, त्याच शहरातील नौदल तळ आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९५९ मध्ये मनोहर माळगावकर यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्राने त्यांना मराठ्यांचा ॲडमिरल म्हणून जगापुढे मांडले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे प्रतीक म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यात सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे. त्याच यादीत सुवर्णदुर्ग, खांदेरी, विजयदुर्ग आणि लोहगड हेही आहेत. कान्होजींची जडणघडण ज्याच्या परिसरात झाली तो, इंग्रजांना दाद न देणारे दोन आणि ज्याच्या बळावर त्यांनी साताऱ्याशी बोलणी केली तो, असे चारही किल्ले. डोंगरी आणि सागरी किल्ले एकाच यादीत आले, हे या इतिहासाला साजेसेच झाले.

अलिबागेत कान्होजींची समाधी आहे. समोर कुलाबा किल्ला उभा आहे आणि ओहोटीच्या वेळी पर्यटक चालत तेथपर्यंत जातात. कराड-साताऱ्याकडून सुट्टीत कोकणात उतरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांची वाट बहुधा कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटाने जाते. १७२१ च्या हिवाळ्यात शाहू महाराजांचे घोडदळ सह्याद्रीचे असेच घाट उतरून आपल्या सरखेलाच्या मदतीला गेले होते. तेव्हा किनारा वाचला. पस्तीस वर्षांनी घाटावरून गेलेली फौज इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली आणि आरमार जळाले. कान्होजींच्या त्रिशताब्दी स्मृतिवर्षाला तीन-चार वर्षांचा अवधी उरला आहे. पुतळे आणि सोहळे होतीलच. त्यासोबत घाटाच्या वरच्या आणि खालच्या या दोन प्रसंगांची आठवण शालेय पाठ्यपुस्तकांत एकत्र मांडली गेली, तर सरखेलांच्या कार्याचे ते अधिक नेमके स्मरण ठरेल.